मोरीखालीं अडलेले मासे



मृग लागून पहिला जोराचा पाऊस झाला, कीं कोंकणांतील वहाळांच्या कांठीं एक मौजेचा देखावा पाहावयास मिळतो. उन्हाळाभर डबक्याडबक्यांतून कसेंबसें तग धरून राहिलेलें पाणी एका रात्रींत तांबडें होऊन खळखळत खालीं धांवूं लागतें, आणि त्याच पाण्यांतून, त्याच्या धांवेच्या अगदीं उलट, मासे वर चढूं लागतात. यांना आपल्याकडे चढणीचे मासे म्हणतात. रायगडाच्या बाजूस या चढण्याला वलगण असेंहि म्हणतात. माद्यांच्या पोटांत गाबोळी भरलेली असते. नदीच्या मोठ्या पात्रापेक्षां भाताच्या खाचरांतील उथळ, ऊबदार व गवताळ पाणी पिलांना अधिक मानवतें, म्हणून अंडीं घालण्यासाठीं ही सारी धडपड चाललेली असते.

माझ्या लहानपणीं आमच्या गांवच्या वहाळावर लांकडी साकव होता. त्याच्या खालून पाणी, मासे, बेडूक, वाहून आलेल्या फांद्या, सर्व कांहीं बिनदिक्कत जाई. मी सातआठ वर्षांचा असतां साकव निघून तेथें रस्ता झाला, आणि रस्त्याखालीं सिमेंटच्या दोन नळांची मोरी बसली. रस्ता आला याचा सर्वांना आनंद झाला, आणि तो योग्यच होता. भर पावसांत आजारी माणसाला डोलींत घालून नेण्याचे दिवस त्यामुळें संपले. पुढच्याच पावसाळ्यांत आणखी एक लाभ झालासा दिसला. मोरीच्या खालच्या तोंडाशीं माशांची अशी दाटी झाली, कीं लहान मुलेंसुद्धां टोपलीनें मासे उपसूं लागलीं. त्यांत मीहि होतों. मासा उडी मारी, नळाच्या कडेवर आपटे आणि मागें पडे. तो पाण्यांत पडण्यापूर्वींच आम्ही टोपली पुढें करीत असूं. तीनचार वर्षें अशी चैन झाली. त्यानंतर मासे कमी कमी होत गेले, आणि मी हायस्कुलांत जाऊं लागलों तोंपर्यंत मोरीखालची गर्दी आपोआप मोडली होती. पाऊसच पूर्वीसारखा पडत नाहीं, असें वडील मंडळी म्हणत. मोरीचें नांव कोणीं काढलें नाहीं.

गेल्या वर्षीं ही हकीकत मीं वर्गांत सहज सांगितली, तेव्हां एका मुलीनें विचारलें, "सर, मोरी बांधणाऱ्यांना तिच्याखालून मासे जातात हें ठाऊक नव्हतें काय?" मला उत्तर देतां आलें नाहीं. मग या विषयावर जें मिळेल तें वाचूं लागलों, आणि वाचतां वाचतां पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास जाऊन पोंचलों. तेथें अशाच साध्या, रस्त्याखालच्या मोऱ्यांवरून सतरा वर्षें खटला चालला होता, आणि तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

तें ठिकाण म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या वायव्य कोपऱ्यांतील वॉशिंग्टन संस्थान. (राजधानीचें वॉशिंग्टन शहर निराळें, तें पूर्वेकडे आहे.) तेथें पॅसिफिक महासागराचा प्युजेट साउंड नांवाचा एक फांटा भूमींत दूरवर शिरला आहे, आणि सभोंवारच्या डोंगरांतून असंख्य नद्या व ओढे त्याला येऊन मिळतात. सिएटल हें मोठें बंदर याच्याच कांठीं वसलें आहे. या पाण्यांतील मुख्य मासा सामन. आपल्याकडे रावसाला इंग्रजींत कोणी कोणी हिंदी सामन म्हणतात, पण तो केवळ नांवाचा सारखेपणा. दोहोंचें कूळ एक नाहीं.

तेथील सामनाच्या पांच जातींपैकीं कोहो या एकीचेंच आयुष्य पाहूं. हिवाळ्याच्या तोंडीं मादी ओढ्याच्या तळाशीं शेपटीच्या फटकाऱ्यांनीं बारीक गोटे बाजूस सारून खळगा करते, त्यांत अंडीं घालते आणि पुन्हां गोट्यांनीं तो झांकून टाकते. एका मादीचीं अंडीं सुमारें अडीच ते तीन हजार असतात. वसंतांत पिलें बाहेर पडतात. तीं वर्षभर ओढ्यांतच राहून मग समुद्राकडे जातात, तेथें सुमारें दीड वर्ष हिंडून पुष्ट होतात, आणि तिसऱ्या वर्षाच्या शरदांत, ज्या ओढ्यांत जन्म झाला त्याच ओढ्याकडे परत येतात. तेथें अंडीं घालून झालीं, कीं नर व मादी दोघेंहि मरतात. त्यांचीं शरीरें अस्वलें, पक्षी आणि किडे खातात, उरलेलें मातींत मिसळतें. नदीकांठच्या झाडांत समुद्रांतून आलेला नत्रवायु शास्त्रज्ञांना सांपडला आहे, तो याच वाटेनें आलेला. म्हणजे ओढा केवळ पाणी खालीं नेतो असें नाहीं. माशांच्या रूपानें समुद्राचें धन तो वर डोंगरांतहि पोंचवितो.

आपला ओढा मासा ओळखतो तरी कसा? आर्थर हॅस्लर व वॉरन विस्बी या दोघांनीं याच संस्थानांतील इसाक्वा ओढ्यावर एक सोपा, पण फार नामी प्रयोग केला. त्या ओढ्याला दोन शाखा आहेत. दोन्ही शाखांत चढून आलेले कोहो मासे त्यांनीं धरले, संगमाच्या खालीं आणून पुन्हां सोडले, आणि सोडण्यापूर्वीं त्यांपैकीं निम्म्यांच्या नाकपुड्या कापसानें बंद केल्या. ज्यांचीं नाकें मोकळीं होतीं ते बहुतेक आपापल्या शाखेंत परत गेले; ज्यांचीं बंद होतीं ते वाट फुटेल तिकडे गेले. १९५४ सालीं हा प्रयोग प्रसिद्ध झाला. माती, दगड, शेवाळ व झाडपाला यांमुळें प्रत्येक ओढ्याला स्वतःचा असा वास असतो. लहानपणीं तो पिलाच्या स्मरणांत ठसतो, आणि समुद्रांतून आल्यावर त्याच्याच अनुरोधानें मासा प्रत्येक फांट्यापाशीं डावें कीं उजवें याचा निर्णय करतो. यांतून एक गोष्ट निघते, ती ध्यानांत ठेवा. मासा घरचा ओढा सोडून सहसा दुसऱ्या ओढ्यांत जात नाहीं. म्हणून त्या ओढ्याचें दार बंद झालें, तर तो शेजारीं जाऊन संसार थाटील असें समजूं नये.

आतां हें दार बंद कसें होतें तें पाहूं. धरण आडवें आलें तर मासा अडणार हें कोणालाहि दिसतें. मोरीचें तसें नाहीं. मोरींतून पाणी वाहत असतें, उजेड आरपार दिसतो, आणि मार्ग मोकळा आहे असें वाटतें. पण पाण्याच्या दृष्टीनें विचार करा. दहा फूट रुंदीचा ओढा चार फुटांच्या नळांतून जावयाचा असेल, तर पाण्याला वेग वाढविल्यावांचून गत्यंतर नाहीं. बागेंतील रबरी नळीचें तोंड बोटानें दाबलें म्हणजे काय होतें तें तुम्ही सर्वांनीं केलेलें आहे. त्यांत नळ आंतून गुळगुळीत. ओढ्यांत मोठ्या दगडाच्या आडोशाला मासा क्षणभर विसांवा घेतो आणि मग पुढची मजल मारतो. नळांत आडोसा नाहीं. पन्नास फूट लांबीच्या नळांत पंचेचाळीस फूट पोहून मासा थकला, तर शेवटच्या पांच फुटांसाठीं तो मूळ ठिकाणीं येऊन पडतो. पाणी ओसरलें म्हणजे याच्या उलट अडचण होते: नळांतील पाणी इतकें पातळ पसरतें, कीं माशाची पाठ उघडी पडते.

आणि सर्वांत वाईट तें खालच्या तोंडाशीं होतें. नळांतून जोरानें सुटलेली धार समोरचा तळ पोंखरीत जाते. पहिल्या वर्षीं मोरी तळाशीं टेंकलेली असते. पांचसहा पावसाळ्यांनंतर तळ खालीं जातो आणि मोरी अधांतरीं लोंबूं लागते. बांधतांना कोणीं चूक केली असें नाहीं, पण दरवर्षीं पाणीच ती चूक थोडी थोडी घडवीत जातें. आमच्या मोरीखालीं पहिल्या वर्षीं मासे उडी मारून आंत शिरत होते, हें मला आतां अंधुकपणें आठवतें. पुढें पुढें ते कडेवर आपटूं लागले. त्या वेळीं मासेच दुबळे झाले असें आम्हां मुलांना वाटे!

किती उंचीचा ठोकर अडथळा म्हणावा? वॉशिंग्टन संस्थानच्या मत्स्यखात्यानें यासाठीं मोजमाप ठरविलें आहे. मोरीच्या मुखाशीं पाण्याची पातळी २४ सेंटिमीटर किंवा अधिक तुटली, तर ती मोरी अडथळ्यांत गणावयाची. २४ सेंटिमीटर म्हणजे मोठ्या माणसाची एक वीत आणि वर फार तर एक बोट. हा आंकडा प्रथम वाचला तेव्हां मला हंसूं आलें. चांगल्या खोल डोहांतून मोठा सामन माणसाच्या उंचीएवढी उडी घेऊं शकतो. त्याला एका वितीचें काय? परंतु हें माप मोठ्या सामनासाठीं नाहींच. तें धरलें आहे सहा इंच लांबीच्या लहान ट्राउट माशासाठीं. कोहोचीं पिलेंहि वर्षभर एका जागीं बसत नाहींत. शरदांतील पुरानें मुख्य प्रवाह खवळला, कीं तीं आसऱ्यासाठीं बाजूच्या लहान ओहोळांत व तळ्यांत वर चढतात. तेथें एका वितीची पायरीहि त्यांच्या मरणाला पुरते. सशक्तांत सशक्त मासा वर गेला म्हणून वाट मोकळी आहे असें म्हणतां येत नाहीं. अशा शेंकडों मोऱ्या या संस्थानांत वर्षानुवर्षें होत्या, आणि वरून मोटारींत जाणाऱ्या माणसाला त्यांची जाणीवहि नव्हती.

ज्यांना जाणीव होती त्यांची हकीकत आतां सांगतों. १८५४ सालीं, नाताळाच्या दुसऱ्या दिवशीं, २६ डिसेंबरास, मेडिसिन क्रीक नांवाच्या ओढ्याच्या कांठीं एक तह झाला. सरकारच्या बाजूनें गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स होता. समोर निस्क्वाली, प्युयालप इत्यादि मूळ रहिवाशांच्या जमातींचे प्रमुख होते. बोलणीं झालीं तीं चिनूक नांवाच्या व्यापारी बोलींत. देवघेवीपुरते कांहीं शेंकडा शब्द एवढीच त्या बोलीची दौलत. आणि तिच्यांतून पिढ्यानपिढ्यांच्या भूमीचा सौदा व्हावयाचा होता! जमातींनीं विस्तीर्ण मुलूख सोडून दिला. बदल्यांत लहानशा राखीव जागा, कांहीं रक्कम, आणि एक वचन त्यांना मिळालें: आपल्या नेहमींच्या ठिकाणीं, नव्या रहिवाशांच्या बरोबरीनें, मासे धरण्याचा त्यांचा हक्क कायम राहील. १८५५ सालीं इतर जमातींशीं असेच आणखी तह झाले.

पुढें वसाहत वाढली, डबे भरण्याचे कारखाने निघाले, आणि तें वचन कागदावरच राहिलें. विसाव्या शतकांत तर संस्थानचे अधिकारी त्याच लोकांना, त्यांच्याच नदीवर, मासे धरल्याबद्दल पकडूं लागले. निस्क्वाली जमातीचा बिली फ्रँक १९४५ सालीं प्रथम पकडला गेला, तेव्हां तो चौदा वर्षांचा होता, म्हणजे आपल्या नववीच्या मुलाएवढा. त्यानंतर त्याला पन्नासाहून अधिक वेळां अटक झाली. अखेर १२ फेब्रुवारी १९७४ रोजीं न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनीं निकाल दिला, कीं तहांतील "बरोबरीनें" या शब्दाचा अर्थ, धरण्याजोग्या माशांपैकीं अर्ध्यापर्यंत वांटा जमातींचा. १९७९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल मुख्यतः उचलून धरला.

अर्धा वांटा मिळाला; पण कशाचा अर्धा? मासेच उणे होत चालले होते. रिकाम्या टोपलीचा अर्धा वांटा मिळून काय उपयोग? म्हणून २००१ सालीं २१ जमातींनीं संस्थानावर मोऱ्यांविषयीं फिर्याद केली. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं मासे धरण्याचा हक्क देऊन माशांची वाट बुजविणें म्हणजे दिलेलें वचन दुसऱ्या हातानें काढून घेणें होय. संस्थानचें म्हणणें असें, कीं तहानें धरण्याचा हक्क दिला, मासे असतीलच अशी हमी दिली नाहीं. मग प्युजेट साउंडला मिळणारा प्रत्येक ओढा संस्थानानें अडविला तरी तहाचा भंग होणार नाहीं काय, असें वरिष्ठ न्यायालयानें विचारलें. तेव्हां, होणार नाहीं, असेंच उत्तर संस्थानच्या वकिलांस द्यावें लागलें. माझ्या मतें खटल्याचा निकाल त्याच क्षणीं लागला.

तथापि संस्थानची बाजू अगदींच पोकळ होती असें मी म्हणणार नाहीं. त्यांनीं दाखवून दिलें, कीं मोऱ्या मध्यवर्ती सरकारच्या रस्तेखात्याच्या नमुन्यांप्रमाणेंच बांधल्या होत्या. कीं त्याच ओढ्यांवर जिल्ह्यांच्या व खासगी मालकांच्या मोऱ्या आहेत, त्या तशाच राहिल्या तर आमची एकच मोकळी करून काय साधेल. आणि कीं खर्च अवाढव्य आहे. खर्चाचें म्हणणें खोटें ठरलें नाहीं; तो पुढें अब्जावधि डॉलरांवर गेला. पण पुराव्यांत असें निघालें, कीं केवळ संस्थानच्या मालकीच्या मोऱ्यांनीं सुमारें १,००० मैल लांबीचे ओढे सामनांना बंद करून टाकले होते. २००७ सालीं न्यायाधीश रिकार्डो मार्टिनेझ यांनीं जमातींच्या बाजूनें निर्णय दिला, आणि २०१३ च्या मार्चांत हुकूम केला, कीं ज्या मोऱ्यांच्या वर २०० मीटर किंवा अधिक लांबीचा उपयुक्त ओढा आहे, त्या रस्तेखात्यानें सतरा वर्षांत, म्हणजे २०३० पर्यंत, सुधाराव्या. संस्थानानें वरपर्यंत अपील केलें. ११ जून २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयांत चारास चार मतें पडलीं. नववे न्यायाधीश या वादाच्या एका जुन्या टप्प्यांत बसले होते म्हणून बाजूस राहिले. मतें समसमान झालीं, कीं खालचा निकाल कायम राहतो. बिली फ्रँक तो दिवस पाहूं शकला नाहीं; २०१४ च्या मे महिन्यांत तो वारला होता.

आमच्या वर्गांतील मुलीच्या प्रश्नाचें उत्तरहि याच संस्थानच्या इतिहासांत मला सांपडलें. बांधणाऱ्यांना ठाऊक होतें. १८९० सालींच तेथें कायदा झाला होता, कीं खाण्याचे मासे ज्या प्रवाहांत चढतात त्यांवर धरण बांधल्यास माशांना वाट ठेवली पाहिजे. असें असून १९१० ते १९१३ या वर्षांत एल्व्हा नदीवर, मुखापासून अवघ्या पांच मैलांवर, १०८ फूट उंचीचें धरण उभें राहिलें, आणि त्यांत माशांसाठीं वाट मुळींच नव्हती. वाटेच्या ऐवजीं अंडीं उबविण्याचें एक केंद्र काढूं अशी तडजोड झाली. तें केंद्रहि १९२२ सालीं बंद पडलें. १९२७ सालीं वर आणखी एक, २१० फुटांचें धरण झालें. पुढें ही दोन्ही धरणें काढण्याचें ठरलें. २०११ च्या सप्टेंबरांत काम सुरू होऊन २०१४ च्या ऑगस्टांत पुरें झालें. खालचें धरण निघाल्याच्या पहिल्याच हंगामांत सामन त्या जागेच्या वर दिसले. शंभर वर्षें जी वाट बंद होती ती त्यांनीं कोणी न दाखवितां धरली. २०२३ च्या ऑक्टोबरांत तेथील क्लालम जमातीनें, धरणें गेल्यानंतर प्रथमच, त्या नदीवर आपल्या विधीपुरते व घरच्या जेवणापुरते कोहो मासे धरले.

ओढ्यावरचें काम इतकें डोळ्यांत भरणारें नसतें, पण त्यांतील युक्ति मला अधिक आवडते. पूर्वीं माशांसाठीं पायऱ्यापायऱ्यांचा पाट करीत. सिएटल येथील जलद्वारांपाशीं अशा २१ पायऱ्या आहेत, आणि मासे चढतांना पाहण्यासाठीं तेथें कांचेच्या खिडक्याहि ठेवल्या आहेत. पाहुण्यांना तें दृश्य फार आवडतें. लहान मोऱ्यांतहि आडव्या फळ्या बसवून पाण्याचा वेग मोडण्याचा प्रयत्न होई. पण एका पुरांत ओंडका येऊन अडकला, कीं सर्व खटाटोप व्यर्थ. मासा किती वेगानें पोहेल, किती उंच उडेल, याचा हिशेब करीत बसल्यानें एक मासा साधतो आणि दुसरा निसटतो. म्हणून तेथील मत्स्यखात्याच्या अभियंत्यांनीं हिशेबाची दिशाच बदलली. माशाची शक्ति मोजूं नका; मोरीच्या आंतला ओढा बाहेरच्या ओढ्यासारखाच ठेवा, म्हणजे जो कोणी बाहेर पोहूं शकतो तो आंतहि पोहेल. त्यासाठीं ओढ्याची भरल्या पाण्याची रुंदी घ्यावयाची, तिची सवापटीला थोडी कमी, म्हणजे १.२ पट करावयाची, आणि वर दोन फूट मिळवावयाचे. दहा फुटांचा ओढा असेल तर मोरी चौदा फुटांची. तिचा तळ ओढ्याच्या तळाखालीं पुरावयाचा आणि आंत गोटे, वाळू व मोठे दगड पसरावयाचे. बऱ्याच ठिकाणीं मोरी काढून सरळ पूलच बांधतात. अशा मोरींत ओंडके अडकत नाहींत, त्यामुळें पुरांत रस्ताहि वाहून जात नाहीं. हा लाभ माशांचा नव्हे, आपला आहे.

वाट मोकळी झाली म्हणजे सर्व झालें असें मात्र नाहीं. सिएटल शहरांतील लाँगफेलो नांवाचा ओढा लोकांनीं मोठ्या श्रमानें सुधारला. कोहो परत आले, आणि अंडीं घालण्यापूर्वींच पोटांतील गाबोळीसकट मरूं लागले. पाऊस पडला, कीं कांहीं तासांत मासे तोंड उघडून पृष्ठभागीं गोलगोल फिरत आणि मरत. कारण सांपडण्यास सुमारें वीस वर्षें लागलीं. मोटारींच्या टायरांत रबर तडकूं नये म्हणून एक रसायन घालतात. हवेंतील ओझोनशीं त्याचा संयोग होऊन दुसरें एक द्रव्य बनतें, आणि झिजलेल्या टायरांच्या धुळीबरोबर तें पावसाच्या पाण्यानें ओढ्यांत उतरतें. शास्त्रज्ञांनीं २०२० च्या डिसेंबरांत त्या द्रव्याची ओळख पटवून दिली. सिक्स-पीपीडी-क्विनोन असें त्याचें नांव. चम जातीच्या सामनाला तें फारसें बाधत नाहीं, कोहोला मात्र अत्यल्प प्रमाणांतहि मारतें. सुदैवानें, रस्त्याचें पाणी वाळू, माती व कुजलेलें खत यांच्या थरांतून झिरपूं दिलें, तर त्याचें विष जातें असें आढळलें आहे. म्हणजे मोरी सुधारणाऱ्यांना रस्त्याखालच्याप्रमाणेंच रस्त्यावरच्या पाण्याचाहि विचार करावा लागला.

एवढें वाचून झाल्यावर स्वस्थ बसवेना. यंदां मे महिन्यांत आठ विद्यार्थ्यांना घेऊन मी आमच्या गांवीं गेलों. मुलांनीं दोरी व फूटपट्टी घेऊन वहाळाची भरल्या पाण्याची रुंदी मोजली: अकरा फूट. मोरीचे नळ दोन, प्रत्येक तीन फुटांचा. वरचा हिशेब त्यांना पाठ होता. एकानें लगेच सांगितलें, कीं पंधरा फूट पाहिजेत तेथें सहाच आहेत. नळाच्या कडेपासून खालच्या तळापर्यंत अंतर दोन फूट तीन इंच भरलें. माझ्या लहानपणीं तेथें फार तर वीतभर असावें.

नवी मोरी बांधणें आमच्या हातचें नव्हतें. खालच्या बाजूस दगडांच्या आडव्या रांगा रचून पाण्याची पातळी पायरीपायरीनें वर उचलतां येते, असें मीं वाचलें होतें. सरपंचांना विचारून तशा तीन रांगा रचावयास घेतल्या. तेव्हां एक वृद्ध गृहस्थ कांठावर येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर, मासे वर गेले तर आम्हीं धरायचं काय?" मुलें माझ्याकडे पाहूं लागलीं. प्रश्न रास्त होता, आणि लहानपणीं टोपली पुढें करणाऱ्या माझ्यासारख्यानें त्यांना उपदेश करणें शोभलें नसतें. मीं त्यांनाच विचारलें, साकव होता तेव्हां तुम्ही कोठें धरीत होतां? ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "वर. खाचरांत. पाणी उतरायला लागलं कीं." शेवटीं असें ठरलें, कीं पहिल्या पावसाचे तीन दिवस मोरीच्या तोंडाशीं कोणीं जाळें किंवा टोपली लावूं नये, नंतर ज्याची त्याची मर्जी. सर्वांनीं तें पाळलें असें म्हणवत नाहीं, पण बहुतेकांनीं पाळलें.

पाऊस लागल्यावर चवथ्या दिवशीं गांवांतील एका मुलाचा निरोप आला, कीं मोरीच्या वरच्या दोन खाचरांत शिंगट्या दिसल्या. किती, तें त्याला मोजतां आलें नाहीं. पाणी गढूळ होतें. दगडांची सर्वांत खालची रांग जुलईंतच वाहून गेली, वरच्या दोन टिकल्या. नळांतील पाण्याचा वेग तर जसाचा तसाच आहे, आणि लहान मासे त्यांतून जात असतील असें मला वाटत नाहीं. दिवाळीच्या सुटींत मुलें पुन्हां जाऊन उंची मोजणार आहेत; रांगेसाठीं या खेपेस मोठे दगड हवेत, आणि ते वाहून आणण्यास त्या वृद्ध गृहस्थांनीं आपली बैलगाडी देऊं केली आहे.